सत्तर म्हणजे किती? एका कपलिंगच्या तुकड्याचं प्रकरण

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोणालाही बोलायला वेळ नसतो. १ जून ते ३१ जुलै अशी दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपलेली असते, बर्फ भरायचा असतो, जाळी चढवायची असतात. अशा दिवसांत एका ट्रॉलरच्या मालकांचा मला फोन आला. "साहेब, इंजिन नवीन, गिअरबॉक्स नवीन, आणि बोट थरथरते कशी ती येऊन बघा." मी पुण्याला एका कारखान्यात बरीच वर्षं इन्स्पेक्शन केलं, आता रत्नागिरीत घरी असतो. गावात मायक्रोमीटर बाळगणारा रिकामा माणूस म्हणून असले फोन येतात.

बंदीच्या काळात त्यांनी जुना गिअरबॉक्स बदलला होता. नवीन गिअरबॉक्स लांबीला आखूड. त्याच्या फ्लँजपासून पंख्याच्या शाफ्टच्या कपलिंगपर्यंत ६० मिलिमीटरची फट राहत होती. एकाच मॉडेलचे गिअरबॉक्स आठ बोटींवर बसणार होते, म्हणून विक्रेत्याने मधले आठ तुकडे इथल्याच एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपकडून करून घेतले. ईएन-८ पोलादाचा गोल तुकडा: बाहेरचा व्यास १६०, लांबी ६०, पुढच्या तोंडावर ७० व्यासाचा ५ उंचीचा स्पिगॉट, म्हणजे पुढे आलेला गोल उंचवटा, जो गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या खाचेत शिरतो, मागच्या तोंडाला ७० व्यासाची ५ खोल खाच, जिच्यात शाफ्टच्या कपलिंगचा स्पिगॉट येतो. एम १२ च्या बोल्टसाठी १३ ची सहा भोकं, पीसीडी (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) १३०. काम एवढंच. कोणताही टर्नर डोळे झाकून घेईल असं.

तीन बोटी सुरळीत चालल्या. चौथीच्या तांडेलाला हलकी थरथर जाणवली, पण ती जुनी बोट, त्याने मनावर घेतलं नाही. सहावा तुकडा बसवताना तोंडं एकमेकांना टेकेनातच. तो काढून पाचव्यासोबत गोदामात परत गेला. आठव्याचा स्पिगॉट खाचेत शिरेना, तेव्हा बोटीवरच्या फिटरने हँडग्राइंडर फिरवून तो "बसता केला". आणि सातवा आमच्या या भाईंच्या बोटीवर होता.

मी पोचलो तेव्हा मिस्त्री दोन दिवस इंजिनाच्या पायांखाली शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) घालून-काढून कंटाळले होते. बोट पाण्यात उतरवून, एक रात्र जाऊ देऊन मगच त्यांनी अलाइनमेंट धरली होती. कोरड्यावर ओढलेल्या बोटीचा सांगाडा वेगळा बसतो, पाण्यात वेगळा, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मोजायची रीतही बरोबर: बोल्ट ढिले, दोन तोंडांमध्ये फिलर गेज, वर-खाली-डावी-उजवीकडे फट मोजायची. त्यांचा हिशोब होता इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कपलिंग सव्वासहा इंचांचं, म्हणजे सहा थाऊपर्यंत फरक चालेल. मिलिमीटरमध्ये साधारण ०.१५.

"सकाळी फट वरती होती," मिस्त्री म्हणाले. "पुढचे पाय उचलले, शिम घातली. दुपारी बघतो तर फट खाली."

"मधे शाफ्ट फिरवला होता?"

"हो, अर्धा फेरा. बोल्ट लावायला."

मी त्यांना तुकड्याच्या कडेवर खडूने खूण करायला सांगितली आणि शाफ्ट थोडा थोडा फिरवून प्रत्येक पाव फेऱ्याला फट मोजली. फट खुणेबरोबर फिरत होती. इंजिन वाकडं बसलं असतं तर फट बोटीच्या हिशोबाने एकाच जागी राहिली असती, वर तर वर, शाफ्ट कितीही फिरवा. खुणेबरोबर गोल फिरणारी फट म्हणजे दोष तुकड्यातच आहे. इंजिनाखाली शिमचा डोंगर रचला तरी तो जाणार नव्हता. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. माझ्या मते त्यांची चूक एवढीच की नवीन केलेल्या तुकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि तो कोणीही ठेवला असता.

तुकडा काढून घरी आणला, सरफेस प्लेटवर ठेवून डायल फिरवला. दोन तोंडांत ०.२१ चा फरक. १६० मिलिमीटरवर ०.२१ ऐकायला काहीच नाही. पण मागे अडीच मीटरचा शाफ्ट आहे. त्याच तिरकेपणाने तो मोकळा सोडला तर दुसरं टोक सव्वातीन मिलिमीटर बाजूला जातं. मोकळा तो नसतोच, बोटीबाहेर जाताना स्टर्न ट्यूबच्या बुशने धरलेला असतो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. वर स्पिगॉट ६९.७५. गिअरबॉक्सची खाच मी बोअर गेजने मोजली होती: ७०.०२. म्हणजे तुकडा खाचेत पाव मिलिमीटरहून जास्त खुळखुळणार, आणि त्याला मध्यावर आणणारं दुसरं काही नाही, कारण १३ च्या भोकात १२ चा बोल्ट फक्त आवळतो, केंद्र देत नाही. शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून पाणी का येत होतं हे वेगळं सांगायला नको.

आता भांडण. विक्रेत्याने वर्कशॉपचं बिल अडवलं. वर्कशॉपचे मालक म्हणाले, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालेल ते) दिलेलंच नाही, ७० लिहिलंय, आम्ही ७० केलंय. विक्रेत्याकडचा इंजिनिअर, तरुण मुलगा, म्हणाला, "मी नुसतं सत्तर लिहिलेलं नाही. सत्तर पॉइंट शून्य शून्य लिहिलंय. दोन शून्यांचा अर्थ कळत नाही का?" दोघांनीही मलाच मध्ये घातलं. मी म्हटलं, आधी ड्रॉइंग दाखवा.

वर्कशॉपमधलं ड्रॉइंग म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो, त्याचा प्रिंटआउट, त्यावर तेलाचे बोटांचे ठसे. फोटो काढताना कागदाचा उजवा खालचा कोपरा फ्रेमच्या बाहेर राहिलेला. म्हणजे नाव, मटेरियल, स्केल आणि बाकी सगळं ज्या चौकटीत असतं ती चौकटच गायब. मूळ फाइल मागवली तेव्हा त्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओळ होती: टॉलरन्स न दिलेल्या मापांसाठी आयएस २१०२, एम वर्ग.

इथे जरा थांबून ती ओळ काय सांगते ते बघू, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच आहे. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला टॉलरन्स लिहीत बसलो तर कागद काळा होईल, आणि नेमकी महत्त्वाची मापं त्या गर्दीत हरवतील. म्हणून साध्या कारखान्यात साध्या मेहनतीने जेवढी अचूकता सहज मिळते तेवढी सगळ्या मापांना एकदमच लावून टाकायची, अशी सोय आयएसओ २७६८ या आंतरराष्ट्रीय मानकाने केली. त्याचे दोन्ही भाग १९८९ चे. आपल्याकडे तेच १९९३ मध्ये आयएस २१०२ म्हणून आले. लांबी-व्यासासाठी चार वर्ग आहेत: एफ बारीक, एम मध्यम, सी जाडाभरडा, व्ही फारच मोकळा. माप मोठं तसं टॉलरन्स मोठं. एम वर्गात ३ ते ६ मिलिमीटरच्या मापाला ±०.१, सहाच्या वर ३० पर्यंत ±०.२, पुढे १२० पर्यंत ±०.३, आणि ४०० पर्यंत ±०.५.

म्हणजे या तुकड्याचा स्पिगॉट ६९.७० ते ७०.३० मध्ये कुठेही चालेल. मागची खाचही ६९.७० ते ७०.३० मध्ये कुठेही. ड्रॉइंगच्या हिशोबाने ७०.३ चा स्पिगॉट आणि ६९.७ ची खाच दोन्ही पास, आणि एकात एक घालायला हातोडाही पुरणार नाही.

शून्यांचं आधी निकालात काढतो. "७० म्हणजे ढिलं, ७०.० म्हणजे जरा नीट, ७०.०० म्हणजे एकदम काटेकोर" ही समजूत आपल्या शॉपफ्लोअरवर घट्ट बसलेली आहे. ती काही अमेरिकन कंपन्यांच्या ड्रॉइंगवरून आली. तिथे चौकटीतच छापलेलं असतं की दोन दशांश स्थळांना एवढं, तीन दशांश स्थळांना तेवढं. ते छापलेलं असेल तरच शून्याला किंमत. आयएस-आयएसओच्या ड्रॉइंगवर मागच्या शून्यांना काहीही अर्थ नाही. मी त्या मुलाला एवढंच विचारलं, "बाहेरचा व्यासही तू १६०.०० लिहिलायस, बोल्टचं भोकही १३.००. तेही शंभराव्या भागात हवं होतं का?" तो हसला. कॅडमध्ये दशांश स्थळं दोनवर सेट होती, सगळ्याच मापांना शून्यं आपोआप लागली होती. मुलगा प्रामाणिक, लगेच कबूल झाला.

मग आठही तुकडे मागवले. बोटीवर बसलेले उतरवायला मालकांचे पाय धरावे लागले. पहिल्या तिघांनी तर "चालतंय ते कशाला खोलायचं" म्हणून साफ नकार दिला. शेवटी एकाने रविवारी खोलू दिला, दोघांनी जागेवरच डायल लावू दिला, आणि त्यांच्या स्पिगॉटची मापं टर्नरकाकांच्या वहीत सापडली.

स्पिगॉट, एक ते आठ: ६९.९८, ६९.९९, ६९.९८, ६९.९०, ६९.८२, ६९.७८, ६९.७५, आणि आठव्याचं वहीतलं माप ७०.१६, ग्राइंडर लागण्याआधीचं. तोंडांचा समांतरपणा पहिल्या तिघांत ०.०३ च्या आत; चौथ्यात ०.१२, पुढे चढत सातव्यात ०.२१. सहाव्या तुकड्याच्या स्पिगॉटची उंची ५.०८, आणि गिअरबॉक्सच्या खाचेची खोली ४.९५. म्हणून तोंडं टेकत नव्हती. स्पिगॉट खाचेच्या तळाला आधी लागत होता आणि चहूकडून सारखी ०.१३ ची फट राहत होती. फिटरला वाटलं होतं आत कचरा अडकलाय, त्याने तीनदा पुसून बघितलं.

एम वर्गाच्या तक्त्यात बघा: एकूण एक तुकडा पास. ५.०८ सुद्धा पास. वर्कशॉपचे मालक कागद हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. कागदावर ते बरोबरच होते.

पण मला रस होता तो तीन आणि चारच्या मधल्या रेषेत. तोच टर्नर, तेच लेथ, तेच ड्रॉइंग. तिसऱ्यानंतर असं काय झालं? त्यासाठी मी वर्कशॉपमध्ये चहा घेत बसलो. टर्नरकाका साठीच्या घरातले, हात असा की कट मारताना आवाजावरून सांगतील किती निघाला.

"पहिले तीन केले तेव्हा गिअरबॉक्स हितंच होता," काका म्हणाले. "फ्लँज समोर. मी काय आकडा वाचून काम करतो काय? घालून बघितला, हलका सरकला, झाला."

"आणि नंतर?"

"नंतर गिअरबॉक्स गेला बोटीवर. मग आकडा राहिला. आणि मी पडलो तापाने. पोराने केले."

हा पोरगा आयटीआयचा, नवीन. त्याने ७० वाचलं, व्हर्नियरने मोजलं. टॉलरन्स कुठे लिहिलेलं नाही म्हणजे फार महत्त्वाचं नसणार, असा त्याने अर्थ लावला. खरं सांगायचं तर तो अर्थ चुकीचा नाही. टॉलरन्स न लिहिण्याचा हेतूच तो असतो. शिवाय काका दुसरं तोंड मारताना सॉफ्ट जॉ लावून, जॉब उलटा धरून, डायलवर ट्रू करून मग कट घेत. पोराने थ्री-जॉ चकमध्ये उलटा धरला, किल्ली आवळली, फेस मारला. चकच्या जबड्यात एखादी कीस अडकली की संपलं. समांतरपणाबद्दल ड्रॉइंगवर अक्षर नव्हतं, तर त्याने कशासाठी डायल लावावा?

आणि मागची खाच? ती आठही तुकड्यांत ७०.०३ च्या आसपास, एकदम नीट. मी चक्रावलो. मग कळलं, शाफ्टचं एक जुनं कपलिंग वर्कशॉपच्या दारात, पावसात, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेलं होतं. पोराने ते उचलून खाचेत घालून बघितलं होतं. जिथे समोरचा नग हाताशी होता तिथे माप बरोबर आलं, आणि जिथे नुसता आकडा होता तिथे तो तक्त्याच्या परवानगीइतका भरकटला.

समांतरपणाचा मुद्दा जरा खोलात जायला हवा, कारण थरथरीचं मुख्य कारण तेच. कोपऱ्यातल्या ओळीत नुसतं "एम" होतं. ते भाग १ चं अक्षर, फक्त लांबी, व्यास, कोन यांच्यापुरतं. आकार आणि स्थिती यांच्यासाठी भाग २ आहे, त्याचे वर्ग एच, के, एल. दोन्ही लावायचे तर "एमके" असं जोडून लिहितात. (आयएसओने भाग २ आता मागे घेतलाय, २०२१ मध्ये त्याच्या जागी २२०८१ आणलं. पण आपल्याकडच्या ड्रॉइंगवर "एमके" अजून रोज दिसतं.) समजा "एमके" लिहिलं असतं, तर वाचलो असतो का? नाही. भाग २ मध्ये समांतरपणाला वेगळा तक्ताच नाही. मापाचं टॉलरन्स किंवा सपाटपणाचं टॉलरन्स, दोन्हींत जे मोठं ते लागू. लांबी ६० ±०.३, म्हणजे एकूण ०.६. एकाच तुकड्याची एक कड ५९.७ आणि समोरची ६०.३ असली तरी चालेल, असा त्याचा अर्थ. मिस्त्रींच्या सहा थाऊच्या जवळजवळ चौपट. स्पिगॉट आणि खाच एका अक्षावर हवीत, त्या समअक्षतेला तर भाग २ मध्ये सर्वसाधारण मर्यादाच दिलेली नाही. रन-आउटची (नग फिरवताना डायल किती हलतो त्याची) मर्यादा आहे, के वर्गात ०.२, तेवढाच आडून आधार.

निवाडा मागितलाच होता म्हणून दिला. सत्तरचा दोष ड्रॉइंगचा. दोन नग एकात एक बसणार असतील तिथे सर्वसाधारण टॉलरन्सवर सोडून चालत नाही, तिथे फिट, म्हणजे एकात एक किती घट्ट-सैल बसावं ते, लिहावाच लागतो. कोपरा कापलेला फोटो पाठवणं हाही विक्रेत्याचाच निष्काळजीपणा, पण कोपरा दिसला असता तरी सातवा तुकडा असाच झाला असता, म्हणून त्याला मी फार वजन दिलं नाही. वर्कशॉपचा वाटा वेगळा: बाहेर काढलेला ७० आणि आत कोरलेला ७० एकाच कागदावर दिसल्यावर फोन उचलायला हवा होता. काकांना ते हाताने माहीत होतं, त्यांनी पोराला सांगितलं नाही. तापात होते, कबूल. दुरुस्तीचं मटेरियल आणि बोटी खोलण्या-जोडण्याचा खर्च विक्रेत्याने, लेथची मजुरी वर्कशॉपने, असं ठरलं. दोघांनी तोंडं वाकडी केली, पण सीझन दारात होता.

पाच तुकडे नव्याने करायला ईएन-८ चा तेवढा बार रत्नागिरीत त्या दिवशी मिळेना. लहान झालेला स्पिगॉट मोठा होत नाही, त्यावर वेल्डिंग भरायला मी तयार नव्हतो. शेवटी काकांनीच सुचवलं: स्पिगॉट उडवून टाकू, त्या जागी गिअरबॉक्ससारखीच खाच मारू आणि दोन खाचांमध्ये सुटी रिंग घालू. मागची खाच डायलवर ट्रू करून घेतली, त्याच सेटिंगमध्ये मागचं तोंड साफ केलं. मग तयार तोंडावर धरून पुढचं तोंड आणि पुढची खाच एकाच सेटिंगमध्ये, मागच्या खाचेवर डायल ठेवूनच. रिंगचा बाहेरचा व्यास ६९.९८. रुंदी किती ठेवायची यावर काकांनी पोराला उभं केलं. पोर म्हणालं, पाच अधिक पाच, दहा. काकांनी सहावा तुकडा त्याच्या हातात दिला आणि काही बोलले नाहीत. रिंग ९ ची झाली.

नवीन ड्रॉइंग मी आणि त्या इंजिनिअर मुलाने एका संध्याकाळी बसून केलं. खाचेला ७० एच७, एच मोठ्या लिपीतला, म्हणजे ७०.०० ते ७०.०३. स्पिगॉटलाही ७० एच७, पण एच लहान लिपीतला, म्हणजे ६९.९७ ते ७०.००. स्पिगॉटची उंची ४, खाचेची खोली ५, म्हणजे तळ लागायचा प्रश्नच नको. मागच्या तोंडाच्या संदर्भाने पुढच्या तोंडाला समांतरपणा ०.०३, मागच्या खाचेच्या संदर्भाने स्पिगॉटला रन-आउट ०.०३. पीसीडी चौकटीत (म्हणजे नेमकं माप, टॉलरन्सशिवाय), भोकांच्या जागेला टॉलरन्स ०.८; १३ ची भोकं १२.८ पर्यंत लहान येऊ शकतात, त्यातून बोल्टचे १२ वजा, तेवढं उरतं. बाहेरचा व्यास आणि लांबी यांना मुद्दाम काहीच लिहिलं नाही. त्यांना काही टेकत नाही. शाफ्ट अर्धा मिलिमीटर पुढेमागे सरकतो, तेवढी मोकळीक पंख्यापाशी असते. शून्यं सगळी काढली.

दुरुस्त तुकडे गेले आणि दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याच्या गोदामातून फोन. तिथल्या माल तपासणाऱ्याने व्हर्नियर लावला होता. दोन्ही तोंडं साफ करताना लांबी कमी झालेली: ५९.५५, ५९.६०, एक तर ५९.४८. "साहेब, ±०.३ मध्ये एकही बसत नाही. रिजेक्ट करू?"

मी त्याला आयएस २१०२ चाच भाग १ उघडायला सांगितला, तक्ता नाही, त्याच्या शेजारचा मजकूर. तिथे म्हटलंय की सर्वसाधारण टॉलरन्सच्या बाहेर गेलेला नग, वेगळं काही ठरलेलं नसेल तर आणि त्याच्या कामात बाधा येत नसेल तर, आपोआप नाकारायचा नाही. त्याने वाचलं, परत वाचलं, आणि विचारलं, "मग शेऱ्यात काय लिहू?"

"लांबी कमी, कामात बाधा नाही, असं लिही. खाली मी सही करतो."

सातवा तुकडा, ५९.४८ वाला, संध्याकाळी भाईंच्या बोटीवर चढला. मिस्त्रींनी फिलर घातला, अर्धा फेरा फिरवला, पुन्हा घातला. दोन्ही वेळा दोन थाऊ, त्याच जागी.